मूत्राशय काढल्यानंतरची पुनर्तपासणी सेवा : साडेचार वर्षांच्या अनुभवावरून

माझ्या यजमानांचे मूत्राशय कर्करोगामुळे साडेचार वर्षांपूर्वी काढावे लागले. त्यांच्याच लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील सुमारे ५५ सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करून, उभा उघडून आणि पुन्हा शिवून त्याचे नवे मूत्राशय तयार करण्यात आले. शस्त्रक्रिया एका रुग्णालयात झाली. त्यानंतरच्या तपासण्या पहिले काही आठवडे तिथेच होत होत्या आणि पुढे आजपर्यंत त्या दुसऱ्या एका रुग्णालयाच्या स्वतंत्र पुनर्तपासणी विभागात होत आल्या आहेत. हे परीक्षण मुख्यतः या दुसऱ्या विभागाच्या सेवेचे आहे. दोन्ही रुग्णालयांची नावे मी जाणीवपूर्वक टाळली आहेत, कारण मी ज्या निकषावर ही सेवा पारखली तो कोणत्याही ठिकाणच्या अशा सेवेला लावून पाहता येतो. आतडे लघवीच्या वाटेवर बसवले की रक्ताचे रसायन बदलते, बहुधा त्यातली आम्लता वाढते. तो बदल कोणी तरी वेळेवर मोजतो की नाही, हा तो निकष आहे.

पहिल्या रुग्णालयाबद्दल आधी सांगते, म्हणजे तुलना समजेल. शस्त्रक्रिया उत्तम झाली, याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे. घरी पाठवताना दिलेली पुस्तिका चांगल्या कागदावर छापलेली होती आणि तिच्यात नवे मूत्राशय रिकामे कसे करावे, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम कसे करावेत, लघवीतून येणारा आतड्याचा चिकट स्राव धुऊन कसा काढावा, रात्री गजर लावून का उठावे, हे सगळे चित्रांसह समजावलेले होते. पुढच्या भेटींत सीटी स्कॅन कधी, छातीचा एक्स-रे कधी, याचे वेळापत्रकही होते. कर्करोग परत येतो की काय याकडे त्यांचे डोळ्यांत तेल घालून लक्ष होते आणि ते योग्यच होते. मात्र त्या २० पानी पुस्तिकेत आम्लता हा शब्द एकदाही आलेला नव्हता, आणि वेळापत्रकातील रक्ततपासण्यांत बायकार्बोनेट (रक्तातले आम्ल शमवणारा घटक) आणि क्लोराइड ही दोन नावे नव्हती.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढला. त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून यजमानांची भूक कमी होऊ लागली. मळमळ, सतत कोरडे पडणारे तोंड आणि अंगातले त्राण गेल्यासारखा थकवा, असे एकेक वाढत गेले. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अशक्तपणा येणारच, असे भेटायला येणारे प्रत्येक जण म्हणत होते आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो. वजन पाच किलोंनी उतरले तेव्हा माझ्या मनात आजार परत आल्याची भीती शिरली, पण ती मी बोलून दाखवली नाही. फॅमिली डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासून घेतले. क्रिएटिनिन थोडे वाढलेले आणि सोडियम १३२, म्हणजे जरा कमी, एवढेच दिसले, आणि पाणी भरपूर प्या, असा सल्ला मिळाला. यजमान मनापासून पाणी पीत राहिले आणि रक्तदाबासाठी अनेक वर्षांपासून लागलेल्या सवयीने मीठ अगदी कमी घेत राहिले. पुढे कळले की त्या आठवड्यांत पाण्याबरोबर पुरेसे मीठही घ्यायला हवे होते.

एका रात्री त्यांचा श्वास खोल आणि भरभर चालू लागला. धाप लागावी असे काहीही केलेले नसताना ते बसल्या जागी धापा टाकत होते. जवळचे म्हणून आम्ही ज्या रुग्णालयात गेलो, तेच हे दुसरे रुग्णालय. तिथल्या ड्युटीवरील तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : नवे मूत्राशय आतड्याचे आहे का, आणि आज ते शेवटचे कधी रिकामे केले? दहा मिनिटांत शिरेतील रक्ताची वायूतपासणी झाली, म्हणजे रक्त किती आम्ल झाले आहे ते दाखवणारी तपासणी. पीएच ७.२८, बायकार्बोनेट १३, क्लोराइड १०९. बायकार्बोनेट साधारण २२ ते २८ असावे लागते. डॉक्टरांनी कागदावर माझ्यासमोर वजाबाकी करून दाखवली. सोडियम १३२, त्यातून १०९ आणि १३ वजा केले की उरतात १०. हा आकडा नेहमीच्या मर्यादेत राहून बायकार्बोनेट घसरले असेल, तर रक्तात कोणते वेगळे आम्ल साचलेले नसते. बायकार्बोनेट गेलेले असते आणि त्याची जागा क्लोराइडने घेतलेली असते. आतड्याच्या मूत्राशयाची हीच खूण असते. मला त्या वजाबाकीचा अर्थ तेव्हा पूर्ण कळला नाही, पण आजाराला नाव मिळाल्याचे समाधान मात्र त्याच क्षणी मिळाले.

उपचारांचा क्रमही विचार करून ठरवलेला होता. सर्वांत आधी कॅथेटर परत घातला, कारण लघवी आतड्याच्या भिंतीला जितका वेळ लागून राहील तितके आम्ल रक्तात परत जात राहणार होते. नळीतून साडेचारशे मिलिलिटर लघवी निघाली, म्हणजे यजमान समजत होते त्याप्रमाणे मूत्राशय पूर्ण रिकामे होतच नव्हते. मग सलाइन, त्यानंतर शिरेतून बायकार्बोनेट, आणि दर काही तासांनी पोटॅशियमची तपासणी. आम्लता उतरू लागली की पोटॅशियम पेशींच्या आत ओढले जाते आणि रक्तातील पातळी एकाएकी घसरू शकते. म्हणून सुरुवातीचा आकडा बरा दिसला तरी त्यावर विसंबून राहायचे नसते, हे परिचारिकेने आम्हाला सांगितले. तिसऱ्या दिवशी यजमानांनी स्वतःहून जेवण मागितले.

हे सगळे का घडते, ते या विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी आम्हाला पहिल्या भेटीत जवळपास पाऊण तास समजावून सांगितले. माझ्या दृष्टीने या सेवेतील हा सर्वांत मोलाचा भाग आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. मूळ मूत्राशयाचे अस्तर असे असते की लघवी तिथे कितीही वेळ साठली तरी तिच्यातले फारसे काही रक्तात परत जात नाही. आतड्याचे काम याच्या उलट आहे. समोर येईल त्यातून क्षार आणि पाणी शोषून घेणे हाच त्याचा धर्म, आणि त्याला मूत्राशय म्हणून शिवले तरी तो बदलत नाही. मूत्रपिंड शरीरातले जादा आम्ल अमोनियमच्या रूपाने लघवीत टाकते. आतड्याची भिंत ते अमोनियम क्लोराइडसह आत घेते आणि बदल्यात बायकार्बोनेट बाहेर सोडते. पुढच्या दाराने बाहेर काढलेले आम्ल मागच्या दाराने घरात यावे, तसा हा प्रकार आहे. मूत्रपिंडे धडधाकट असली तर ती जादा काम करून तोल सांभाळतात. ती थोडी कमजोर असली, शरीरात पाणी कमी पडले, जंतुसंसर्ग झाला किंवा मूत्राशय पूर्ण रिकामे झाले नाही, तर तोल जातो.

सुरुवातीच्या आठवड्यांत यात आणखी एक गोष्ट मिसळते. लहान आतड्याच्या या भागापासून केलेले ताजे मूत्राशय क्षार शोषते, त्याचबरोबर सोडियम आणि पाणी लघवीत सोडूनही देते. रुग्ण कोरडा पडतो, वजन उतरते, आणि त्याने नुसते पाणी पीत राहिले तर रक्तातील सोडियम आणखी पातळ होते. म्हणून या काळात दिवसाला दोन ते तीन लिटर द्रवपदार्थांबरोबर पुरेसे मीठही घ्यावे लागते आणि रोज सकाळी वजन करावे लागते. आमच्या घरी मीठ कमी केलेले होते आणि पाणी वाढवलेले होते. त्या पहिल्या पुस्तिकेत एक ओळ जास्त असती, तर हे टळले असते, असे मला आजही वाटते आणि ते वाटणे जात नाही.

कारण ही गोष्ट नवीन नाही. मूत्रवाहिन्या आतड्याकडे वळवण्याचा पहिला प्रयत्न जॉन सायमन या इंग्रज शल्यविशारदांनी १८५२ साली प्रसिद्ध केला होता. मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यात सोडलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांच्या रक्तात क्लोराइड वाढलेले आणि बायकार्बोनेट उतरलेले असते, हे फेरिस आणि ओडेल यांनी १९५० साली दाखवून दिले. त्याच वर्षी ब्रिकर यांनी लहान आतड्याच्या छोट्या तुकड्यातून लघवी पोटावरील छिद्राद्वारे बाहेरच्या पिशवीत सोडण्याची पद्धत मांडली, आणि ती आजही फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. म्हणजे एखाद्या रुग्णाला या आम्लतेबद्दल काहीही न सांगता घरी पाठवले जाते, तेव्हा त्यामागे ज्ञानाची कमतरता नसते. ऑपरेशन थिएटरमधले ज्ञान डिस्चार्जच्या कागदापर्यंत पोहोचत नाही, इतकेच.

आता या विभागाच्या नेहमीच्या कामाबद्दल. पहिल्या भेटीत त्यांनी मूळ शस्त्रक्रियेची ऑपरेशन नोट मागितली. डिस्चार्ज कार्ड त्यांना पुरेसे वाटले नाही. आतड्याचा कोणता भाग घेतला, किती लांबीचा घेतला आणि लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापासून किती अंतर सोडले, या तीन गोष्टी त्यांना हव्या होत्या. ती नोट मिळवायला आम्हाला दोन खेपा घालाव्या लागल्या आणि तेव्हा मला हा हट्ट अनावश्यक वाटला होता. नंतर पटले की पुढची सगळी वर्षे त्याच माहितीवर आखली जातात. घेतलेला भाग बदलला की धोका बदलतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग किंवा मोठे आतडे वापरले असेल तर आमच्यासारखी क्लोराइड वाढवणारी आम्लता येते, आणि मोठ्या आतड्याच्या बाबतीत पोटॅशियम कमी होण्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. लहान आतड्याचा मधला भाग वापरला तर सोडियम आणि क्लोराइड घसरतात आणि पोटॅशियम चढते, म्हणून तो भाग शक्यतो टाळतात. जठराचा तुकडा वापरला तर सगळेच उलटे होते, शरीरातून आम्ल निघून जाते आणि रक्त अल्कलीकडे झुकते.

प्रतीक्षागृहात बसून मी हे फरक माणसांच्या रूपात पाहिले आहेत. पोटावर पिशवी असलेल्या एक बाई आमच्याच वारी येत. त्यांच्या आतड्याचा तुकडा लहान, आणि लघवी त्यात साठत नाही, वाहून जाते. त्यामुळे त्यांचे बायकार्बोनेट सहसा बिघडत नाही आणि त्यांना सहा महिन्यांनी एकदा यावे लागते. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या गृहस्थांनाही तशीच पिशवी होती, पण त्यांची मूत्रपिंडे आधीपासून निम्म्याने काम करणारी होती, म्हणून त्यांना दर दोन महिन्यांनी बोलावले जाई. आणखी एक मुलगा येत असे. जन्मजात दोषामुळे त्याचे मूत्राशय आतड्याचा तुकडा जोडून मोठे केलेले होते. प्रत्येक भेटीत त्याची उंची भिंतीवरच्या पट्टीवर मोजून तक्त्यावर मांडली जाई, कारण सौम्य पण कायमची आम्लता मुलांची वाढ खुंटवू शकते. एकच वेळापत्रक सगळ्यांच्या हातात न ठेवता माणूस पाहून तारखा देण्याची ही पद्धत मला या सेवेची सर्वांत चांगली बाजू वाटते.

आमच्या बाबतीत पहिल्या वर्षी आधी दर महिन्याला आणि मग दर तीन महिन्यांनी सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, क्रिएटिनिन आणि शिरेतील रक्ताची वायूतपासणी झाली. धमनीतून रक्त काढण्याचा त्रास या कामासाठी द्यावा लागत नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. बरोबरीने सोनोग्राफी करून मूत्रपिंडे फुगलेली नाहीत ना आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे पाहिले जाई. क्रिएटिनिनच्या आकड्याकडे ते जरा सावधपणे पाहतात, हे मला विशेष वाटले. लघवीतून गेलेले युरिया आणि काही प्रमाणात क्रिएटिनिनही आतड्याची भिंत परत शोषते, त्यामुळे चोवीस तासांची लघवी गोळा करून काढलेला हिशोब फसवा असू शकतो. मूत्रपिंडांची खरी क्षमता जाणून घेणे गरजेचे झाले, तेव्हा त्यांनी किरणोत्सारी द्रव्याची तपासणी करून घेतली आणि तिचे कारण आधी समजावले.

गोळ्यांबद्दल थोडे लिहायला हवे, कारण घरातल्या दिवसाचा आकार त्याच ठरवतात. सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या स्वस्त, साध्या आणि परिणामकारक आहेत, पण पोटात गॅस धरतो, ढेकरा येतात, आणि सोडियमचा भार वाढल्याने यजमानांच्या पावलांवर संध्याकाळी सूज दिसू लागली, रक्तदाबही चढला. आम्ही हे सांगितल्यावर विभागाने गोळ्या बंद करून पळवाट काढली नाही. मात्रा विभागून दिली, काही भाग सायट्रेटच्या द्रावणाने भरून काढला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले. सायट्रेटचा आणखी एक लाभ आहे. या रुग्णांच्या लघवीत सायट्रेट कमी असते आणि त्यामुळे खडे होण्याची शक्यता वाढते. त्यात चिकट स्राव आणि युरिया फोडणारे जंतू यांची भर पडली की खड्याला धरून बसायला जागा मिळते. म्हणूनच मूत्राशय धुण्याचा कंटाळा करू नका, हे परिचारिका प्रत्येक वेळी सांगते, आणि तिच्या सांगण्यात उपदेशाचा सूर कधीच नसतो.

या परिचारिकेबद्दल एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला तरी कमीच होईल. रात्री अंथरूण ओले होते, हे सांगायला यजमान कित्येक महिने धजावत नव्हते. तिने ते विचारून काढले आणि कारणही सांगितले. लघवी घट्ट असेल तर आतड्याची भिंत शरीरातले पाणी मूत्राशयात सोडते. त्यामुळे रात्री मूत्रपिंडांनी पाठवलेल्या लघवीत हे पाणी मिसळते आणि मूत्राशय अपेक्षेपेक्षा लवकर भरते. शिवाय भरल्याची जुनी जाणीव आता मेंदूला मिळत नाही. हा आपल्या इच्छाशक्तीचा दोष नाही, हे कळल्यावर माझ्या यजमानांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. त्यानंतर रात्री दोनदा गजर लावून उठण्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

तिनेच पहिल्या दिवशी एक छापील कार्ड दिले. त्यावर आतड्याचा कोणता भाग वापरला आहे हे, शेवटचे बायकार्बोनेट आणि चालू औषधे लिहिलेली असतात. खाली ताप, उलट्या, जुलाब, धाप किंवा विलक्षण गुंगी आली तर काय करायचे, हे मोठ्या अक्षरांत दिलेले आहे : कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे ठेवा, रक्तवायू तपासा, पोटॅशियम पाहा. हे कार्ड रुग्णापेक्षा त्याला अनोळखी ठिकाणी तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. गुंगीचा उल्लेख त्यात का आहे, हे मी विचारले होते. लघवीतील अमोनिया रक्तात गेल्यावर यकृत त्याचा निचरा करते. यकृत आजारी असेल किंवा युरिया फोडणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला असेल, तर तो मेंदूपर्यंत पोहोचून रुग्ण असंबद्ध बोलू लागतो. अशा वेळी घरच्यांना ते म्हातारपणाचे वाटू नये, म्हणून ती ओळ आहे.

औषधांची यादीही ते दर भेटीत नव्याने विचारतात, अगदी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली आणि दुकानातून आपणहून घेतलेली औषधेसुद्धा. लघवीतून बाहेर पडणारी काही औषधे आतड्यातून पुन्हा शोषली जातात आणि त्यांचे प्रमाण रक्तात वाढू शकते. फेनिटॉइन, मेथोट्रेक्सेट आणि लिथियम ही नावे त्यांच्या भिंतीवरच्या फलकावर लिहिलेली आहेत.

आता उणिवा. त्या सांगितल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही.

सर्वांत मोठी उणीव बी-१२ जीवनसत्त्वाच्या बाबतीत घडली. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या नेमक्या शेवटच्या भागात शोषले जाते आणि शल्यविशारद म्हणूनच सांध्याजवळचा साधारण २० सेंटिमीटरचा भाग राखून ठेवतात. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता लगेच दिसत नाही. ती तीन ते पाच वर्षांनी, सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असताना उघड होते. विभागाच्या वेळापत्रकात ही तपासणी वर्षातून एकदा लिहिलेली होती. पहिल्या वर्षी ती झाली आणि पातळी चांगली आली. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी ती कोणाच्याही लक्षात राहिली नाही. चौथ्या वर्षी यजमानांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या आणि अंधारात चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा मी माझ्या वहीतल्या जुन्या रिपोर्टांवरून बोट फिरवत ही तपासणी सुचवली. पातळी १६० आली; २०० च्या खाली ती कमी धरतात. १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शने सुरू झाली, आधी थोड्या थोड्या दिवसांनी आणि मग महिन्यातून एक. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत, पण पूर्ण गेलेल्या नाहीत. हिमोग्लोबिन जवळपास ठीक होते, त्यामुळे कोणी तरी नुसते फॉलिक ॲसिड देऊन भागवले असते, तर रक्त सुधारल्यासारखे दिसले असते आणि मज्जातंतूंची हानी मागे चालूच राहिली असती, असे डॉक्टरांनीच सांगितले. त्यांनी ही चूक आमच्यासमोर मान्य केली आणि पुढच्या भेटीपासून बी-१२ ची तारीख रुग्णाच्या कार्डावर छापून येऊ लागली. मान्य करणे सोपे नसते, म्हणून त्याची नोंद मी इथे करते. पण दोन वर्षे गेली ती गेलीच.

दुसरी तक्रार रक्ताच्या नमुन्याची. वायूतपासणीचे रक्त काढल्यावर ते लवकर यंत्रावर जायला हवे. एकदा नमुना खिडकीवर दीड तासाहून अधिक वेळ पडून राहिला आणि आलेला आकडा यजमानांच्या प्रकृतीशी जुळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. आता मी स्वतः नमुना नोंदला गेल्याची वेळ पाहून घेते. ते माझे काम नव्हे, पण मी ते करते. आणि एकदा छापील रिपोर्टात क्लोराइडची ओळच नव्हती, कारण नोंदणी करणाऱ्याने नेहमीच्या साध्या पॅकेजवर खूण केली होती. त्या पहिल्या फॅमिली डॉक्टरांच्या कागदाची आठवण होऊन माझ्या पोटात गोळा आला.

हाडांच्या बाबतीत विभागाचा पवित्रा मला पुरेसा ठाम वाटत नाही. आम्लता दीर्घकाळ राहिली तर शरीर तिला शमवण्यासाठी हाडांतले क्षार खर्ची घालते आणि कॅल्शियम लघवीतून जाते. आम्लता सुधारणे हाच यावरचा मुख्य उपाय आहे आणि ते ते करत आहेत. ड जीवनसत्त्व त्यांनी एकदा तपासले. हाडांची घनता मात्र मी तीनदा विचारल्यावर मोजली गेली. यजमानांचे वय ६५ च्या पुढे आहे आणि पहिल्या महिन्यांतली आम्लता चांगलीच तीव्र होती, हे पाहता ती एक वर्ष आधी व्हायला हवी होती, असे माझे मत आहे.

जुलाबांबद्दल त्यांनी आम्हाला आधी सांगून ठेवले होते, म्हणून तो त्रास झाला तरी घाबरायला झाले नाही. शेवटच्या भागातला तुकडा गेला की पित्तातील क्षार पूर्ण शोषले जात नाहीत आणि ते मोठ्या आतड्याला डिवचतात. आमच्याकडे हे काही महिन्यांत आपोआप निवळले. तुकडा फार लांब असलेल्यांना त्यासाठी वेगळी पावडर दिली जाते, हे प्रतीक्षागृहात ऐकले.

फोनची सोय हा या सेवेचा अर्धा गुण आणि अर्धा दोष आहे. कामाच्या दिवशी परिचारिका दुपारपर्यंत उलट फोन करतेच. आमच्या वहीत अशा २६ फोनांची नोंद आहे आणि त्यांतल्या किमान चार प्रसंगी तिच्या सांगण्यामुळे रुग्णालयात धावपळ करण्याची वेळ टळली. सुट्टीच्या दिवशी मात्र तोच क्रमांक वाजत राहतो. गेल्या वर्षी यजमानांना ताप आणि उलट्या झाल्या तो नेमका सुट्टीचा दिवस होता. तेव्हा आम्ही कार्ड घेऊन थेट तातडीच्या विभागात गेलो. कार्डावर लिहिल्याप्रमाणे सगळे क्रमाने झाले, बायकार्बोनेट १८ आले आणि दोन दिवसांत घरी परतता आले. साडेचार वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीशी तुलना केली, तर फरक एवढाच होता की या वेळी काय मोजायचे हे दारात पोहोचण्याआधीच ठरलेले होते.

सध्याची स्थिती अशी आहे. वर्षे जातात तसे लघवीच्या सततच्या संपर्काने आतड्याच्या अस्तरावरील बारीक उंचवटे झिजतात आणि शोषण्याची शक्ती काहीशी कमी होते, त्यामुळे बऱ्याच रुग्णांची औषधाची गरज उतरत जाते. विभागाने गेल्या दोन वर्षांत यजमानांच्या गोळ्या एकेक करून कमी केल्या, प्रत्येक वेळी दोन आठवड्यांनी रक्त पाहून. सुट्टीतल्या त्या आजारपणात त्या पुन्हा वाढवाव्या लागल्या आणि मग परत कमी झाल्या. आता सकाळी एक आणि रात्री एक एवढ्याच आहेत. गेल्या महिन्यातले बायकार्बोनेट २४ होते, बेस एक्सेस (रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल दाखवणारा आकडा) शून्याच्या जवळ आणि क्लोराइड १०५.

या विभागाकडे जाण्याचा विचार करणाऱ्यांना तीन गोष्टी सुचवते. मूळ रुग्णालयातून ऑपरेशन नोट आधी मिळवा, कारण तिच्याविना पहिली भेट वाया जाईल. सर्व रिपोर्ट तारखेप्रमाणे एका वहीत उतरवा आणि क्लोराइड, बायकार्बोनेट, बी-१२ यांसाठी वेगळे रकाने आखा. रकाना रिकामा दिसला की तो आपोआप बोलतो. आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलला जात नाही, हे धरून चाला. याबद्दल आम्ही लेखी सूचना दिली आहे आणि तातडीच्या विभागातील डॉक्टरांकडे तो क्रमांक वळवण्याचे आश्वासन मिळाले आहे. हे लिहीपर्यंत ते पूर्ण झालेले नाही.